काटेपूर्णेचा काठ आणि आपले तागे

गेल्या हिवाळ्यात आम्ही वाशिमचे चार कापडवाले काटेपूर्णा अभयारण्यात जाऊन आलो. अकोला-वाशिम जिल्ह्यांत पसरलेले, चौशिंग्यासाठी ओळखले जाणारे हे अभयारण्य 1988 सालचे. त्यातल्या धरणाचे पाणी अकोला शहर पिते. आमचे भडक शर्ट पाहताच पाण्यावरची बदके दूर सरकली. दुर्बीणवाले पाहुणे मात्र सगळे खाकी नि मेंदी रंगात! याच रंगांचे तागे आमच्या दुकानांत धूळ खात पडलेत. काठावर प्लास्टिकच्या पिशव्या दिसल्या. एकीवर आपल्याच बाजारातल्या दुकानाचे नाव. मान खाली गेली. राज्यात या पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे. शिंपी बांधवांनो, कापडी पिशव्या शिवा. कटपीस आम्ही खरेदीच्या भावात देऊ.