तोंड कोणतं, शेपूट कोणतं

आहुप्याच्या शिवारात, हिरड्याच्या झाडाखालचा एक दगड उलथला तेव्हा आधी मोठं गांडूळच वाटलं. मग ते वळलं आणि पाठीवर तेलाच्या थेंबासारखे रंग चमकून गेले. बांधावर उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “दुतोंड्या हाय. सहा महिने इकडून चालतो, सहा महिने तिकडून.”

हा मांडूळ नव्हे. हा खापरखवल्या, युरोपेल्टिडी कुळातला, बिनविषारी. हे कुळ जगात फक्त भारत आणि श्रीलंकेत आहे. मावशींचा गैरसमज मात्र मला अगदी रास्त वाटतो, कारण या सापाच्या वर्णनाची सुरुवातच तिथून होते : तोंड कोणतं, शेपूट कोणतं? डोकं निमुळतं आणि टोकदार, डोळा पारदर्शक खवल्याखाली मोहरीएवढा. शेपूट तिरकं छाटल्यासारखं, वर काटेरी खवल्यांची चकती आणि तिच्यावर मातीचा थर. बिळात शिरल्यावर हीच चकती मागून बुचासारखी दार बंद करते. या खडबडीत खापरावरूनच मराठी नाव पडलं.

वनखात्याची परवानगी असलेल्या अभ्यासक ताईंनी त्याला हातात घेतलं. चावायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो फक्त त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतून डोकं घुसवत राहिला, आणि एवढ्याशा जिवाचा तो रेटा पाहून मी थक्क झालो. त्याची सगळी ताकद शरीराच्या पुढच्या भागातल्या लालभडक स्नायूंत असते. कातडी जागेवर राहते, आतला कणा नागमोडी वळतो, अंग फुगून बिळाच्या भिंतींना टेकतं आणि डोकं पुढे रेटलं जातं. ओल्या मातीत गांडुळं शोधत फिरण्यासाठी यापेक्षा नेटकी रचना मला सुचत नाही.

मग मोजणी. सापाला पारदर्शक नळीत सरकवून पाठीचे, पोटाचे फोटो काढले आणि तिथेच मोबाइलच्या पडद्यावर टाचणीच्या टोकाने खवले मोजायला सुरुवात झाली. अंगाच्या मध्यावर, पोटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तिरक्या रेषेत. बहुतेक सापांचे पोटाचे खवले रुंद पट्ट्यांसारखे असतात. याचे इतके अरुंद की शेजारच्या खवल्यापासून वेगळे ओळखताना डोळे दुखतात. ताईंची मोजणी 17 आली, त्यांच्या सहकाऱ्याची 16. दोघं काही न बोलता पुन्हा पहिल्या खवल्यापासून निघाले. दुसऱ्या वेळी दोघांचेही 17. मोठ्या खवल्यांच्या खापरखवल्याला, म्हणजे युरोपेल्टिस मॅक्रोलेपिसला, 15 ओळी असतात. खवला मोठा म्हणून ओळी कमी. तेव्हा तो बाद.

एका खवल्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणाला वाटेल. पण या कुळात नावांचा गोंधळ जुना आहे. 1829 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने एका जातीला सिलोनचं, म्हणजे श्रीलंकेचं, नाव दिलं, आणि ती राहते सह्याद्रीत! 1864 मध्ये गुंथरने बायकॅटेनाटा, म्हणजे ‘दोन साखळ्यांचा’, हे नाव ठेवलं. नमुना आला कुठून? नोंद एवढीच : दख्खन. पुढे ही जात त्याच सिलोनवाल्या नावात विरघळून गेली. 2008 मध्ये गॉवर, कॅप्टन आणि ठाकूर यांनी तिला पुन्हा स्वतंत्र ठरवलं. भीमाशंकरच्या जंगलात ती आहे. कित्येक वर्षं एक साप आपल्या मातीत सुखाने नांदत होता आणि पुस्तकात त्याला स्वतःचं घर नव्हतं, याची मला खरोखर चुटपुट लागते. नोंदीत ‘दख्खन’ऐवजी एखाद्या गावाचं नाव असतं, तर शोध घेणाऱ्याला निदान कोणत्या डोंगरावर जायचं ते तरी कळलं असतं.

पावसाची सर आली तशी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली. शेपटीखालचे खवले मोजायचे राहिले होते. नराची शेपटी लांब, म्हणून नर-मादी ठरवायला तेही लागतात. छत्रीखाली बसून तेही झालं.

“मग नाव काय लिव्हलं?” मावशींनी विचारलं.

“नाव मागाहून, मावशी. सगळे आकडे ताडून बघू. आधी गाव लिहिते.”

आहुपे, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. त्याखाली तारीख, वेळ, हिरडा, दगडाखाली, माती ओली.

दगड आधी जसा होता तसा ठेवला आणि त्याच्या कडेला सापाला सोडलं. डोकं लगेच मातीत गेलं, मागोमाग अंग. शेवटी चकती तेवढी क्षणभर वर राहिली, आणि मावशी वाकून तिच्याकडे बघत म्हणाल्या, “ही शेपूट व्हय.”