अंतराळात मोडलेली घडी

जपानी अभ्यासाच्या वाटा : लेखांक सातवा

मोबाइलवर रस्ता दिसू लागण्याआधी आमच्या गाडीच्या कप्प्यात महाराष्ट्राचा कागदी नकाशा असे. तो कुठे कुठे फाटला ते अजून आठवते. पहिले भोक नगर आणि बीडच्या मध्ये पडले, दुसरे साताऱ्याच्या खाली. दोन्ही ठिकाणी उभी घडी आडव्या घडीला काटकोनात छेदत होती. कागद फाटतो तो अशा चौकातच. तिथे तो दोनदा दुमडलेला असतो आणि दर वेळी उलगडताना सगळा ताण त्याच ठिपक्यावर येतो. दुसरे दुखणे मिटताना कळायचे. कुठली घडी आत आणि कुठली बाहेर, यावरून पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये हमखास वाद.

गेल्या भागात ‘जुग्यो केंक्यू’ पाहिले, म्हणजे जपानी शिक्षक एकमेकांच्या तासाला बसून करतात तो पाठाचा अभ्यास. आज विषय घडीचा.

नकाशाची ही दोन्ही दुखणी उपग्रह बांधणाऱ्यालाही असतात. सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे मोठे हवेत, पण रॉकेटच्या टोकात जागा मोजकीच. वर गेल्यावर घडी अडली तर हात घालून सोडवणारा कोणी नाही. यावरचे एक नामी उत्तर कोर्यो मिउरा यांनी काढले. तोक्यो विद्यापीठाच्या अंतराळ आणि विमानविद्येच्या संस्थेत ते काम करत.

मिउरांची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात: जपानी माणूस, लहानपणी कागदाचे पक्षी केलेले, मोठेपणी त्यातूनच उपग्रहाची घडी सुचली. गोष्ट गोड आहे, पण उलटी आहे. मिउरांची सुरुवात कागदापासून झालीच नाही. ती झाली चिरडलेल्या नळकांड्यापासून.

रॉकेट म्हणजे पातळ भिंतीचे नळकांडे. ते वरून दाबत गेले की एका क्षणी भिंत हार मानते, पण वाटेल तशी चुरगळत नाही. तिच्यावर शंकरपाळ्यांसारख्या खळग्यांच्या ओळी उमटतात. योशिमारू योशिमुरा यांनी १९५० च्या दशकात या आकृतीचा अभ्यास केला होता. मिउरांनी प्रश्न फिरवला. धातू चिरडताना आपणहून हा आकार घेत असेल, तर तो आधीच देऊन ठेवला तर? तसे पैलू पाडलेले नळकांडे बाजूच्या दाबाला साध्या नळकांड्यापेक्षा चांगले तोंड देते. २००१ मध्ये किरिन कंपनीचे ‘ह्योकेत्सु’ नावाचे मद्यपेय बाजारात आले, त्याचा डबा याच जातीचा. झाकण उघडले, आतला दाब सुटला, की डब्याच्या अंगावर पैलू उभे राहतात.

पुढचा प्रश्न सपाट पत्र्याचा. खूप मोठा, पातळ पत्रा चारी बाजूंनी सारखाच आत ढकलला तर त्यावर सुरकुत्या कशा पडतील? १९७० च्या सुमारास मिउरांच्या गणितातून जी नक्षी निघाली, तिला आज जगभर ‘मिउरा-ओरी’ म्हणतात. ओरी म्हणजे घडी.

ती दिसते अशी. एका दिशेच्या रेषा सरळ असतात. दुसऱ्या दिशेच्या मात्र नागमोडी जातात, दर पट्टीत किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे. त्यामुळे कागदाचे आयत न पडता समांतरभुज चौकोन पडतात. प्रत्येक चौकात चार घड्या भेटतात: तीन डोंगरासारख्या वर आणि एक दरीसारखी खाली, किंवा नेमके उलट. एवढ्या तिरकेपणाने दोन्ही दुखणी जातात. चौक एकावर एक न बसता थोडे सरकून बसतात, म्हणून जाडी एकाच जागी साठत नाही. शिवाय सगळ्या घड्या एकमेकींना बांधलेल्या असतात. साध्या नकाशात एक घडी उघडायची आणि दुसरी मिटलेली ठेवायची मुभा असते. इथे एक हलली की सगळ्या हलतात. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा, कागद उघडतो. ढकला, मिटतो. वादाला जागाच नाही.

आणखी एक गंमत. रबर लांबीला ताणले की रुंदीला बारीक होते. ही घडी लांबीला ताणली की रुंदीलाही पसरते.

अभियंत्याला सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. उघडताना मिटताना चौकोन स्वतः वाकत नाहीत, हालचाल फक्त रेषांवर होते. म्हणजे कागदाऐवजी ताठ फळ्या आणि रेषांच्या जागी बिजागऱ्या घेतल्या तरी चालते. १८ मार्च १९९५ रोजी तानेगाशिमाहून एच-२ रॉकेटने ‘स्पेस फ्लायर युनिट’ हा उपग्रह वर गेला. त्यावरच्या एका प्रयोगात या घडीने मिटवलेली रचना कक्षेत उलगडण्यात आली. आपल्याकडे नव्या साडीची घडी मोडतात, तशी ही घडी अंतराळात मोडली. जानेवारी १९९६ मध्ये ‘एन्डेव्हर’ शटलने उपग्रह परत आणला. तो यांत्रिक हाताने पकडणारे अंतराळवीर कोइची वाकाता हेही जपानीच.

मग संस्कृतीचा यात काहीच हात नाही का? आहे, पण तो सांगितला जातो तिथे नाही.

ओरिगामी हा शब्दच पाहा. पूर्वी दुमडलेल्या दस्तऐवजाला ओरिगामी म्हणत. तलवार खरी आहे असे पारखी लिहून देई, तो कागद म्हणजे ओरिगामी. अजूनही जपानीत खात्रीच्या वस्तूला किंवा माणसाला ‘ओरिगामी-त्सुकी’ म्हणतात, म्हणजे दाखला जोडलेला. खेळासाठी कागद दुमडण्याची परंपराही जुनी. १७९७ मध्ये क्योतोत छापलेल्या पुस्तकात एकमेकांना जोडलेले कागदी करकोचे करण्याच्या ४९ रीती आहेत. मात्र आज प्रत्येक जपानी मुलाच्या हातून कागद दुमडला जातो, त्यात एका जर्मन माणसाचा मोठा वाटा आहे. १८७६ मध्ये तोक्योच्या महिला अध्यापन विद्यालयाला जोडून बालवाडी निघाली, ती फ्रोबेलच्या पद्धतीवर. फ्रोबेलच्या खेळसाहित्यात कागदाच्या घड्या होत्याच. देशी करकोचा आणि जर्मन नक्षी एकाच बाकावर आल्या.

फ्रोबेलचे हेच साहित्य मद्रासलाही पोचले होते. ते पाहून तंडलम सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढे जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि मग ते अमेरिकेतही छापले गेले. आपल्या शाळांत मात्र ते फारसे पोचले नाही, याची मला हळहळ वाटते.

जपानमध्ये कागद बालवाडीत अडकून पडला नाही. आकिरा योशिझावा कारखान्यात नोकरीला होते. तिथल्या नवख्या कामगारांना ते घड्यांच्या मदतीने भूमिती शिकवत. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकातल्या तुटक रेषा आणि बाण ही आज जगभरच्या ओरिगामीची लिपी आहे. त्सुकुबा विद्यापीठातले काझुओ हागा तर जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना चौरस दुमडता दुमडता एक प्रमेय सापडले. जीवशास्त्रज्ञाच्या या उद्योगाला तिथे कोणी हसले नाही. कोजी फुशिमींसारखे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ ओरिगामीच्या भूमितीवर स्वतः पुस्तक लिहीत होते. १९९४ मध्ये ओत्सु शहरातल्या परिषदेत हागांनी या अभ्यासासाठी ‘ओरिगामिक्स’ असे नाव सुचवले. माझ्या मते संस्कृतीचा हात आहे तो इथे. मिउरांना घडी करकोच्याने दिली नाही. पण ती निघाली तेव्हा ती वाचू शकणारी माणसे कारखान्यात, शाळेत आणि विद्यापीठात आधीच बसलेली होती. काओरी कुरिबायाशी यांनी ऑक्सफर्डमध्ये असताना मिटवून रक्तवाहिनीत सरकवायचा आणि आत फुलवायचा स्टेंट घड्यांवर रचला. अशा कामाला आता ‘ओरिगामी अभियांत्रिकी’ असे सरळ नाव आहे.

हागांचे प्रमेय वाचण्यापेक्षा करून पाहावे. हे पान वाचून झाले की त्यातूनच २४ सेंटिमीटरचा चौरस कापा. वरच्या कडेचा मध्यबिंदू चिमटीने दाबून खूण करा. आता खालचा उजवा कोपरा उचलून बरोबर त्या खुणेवर ठेवा आणि घडी दाबा. वर उजवीकडे एक काटकोन त्रिकोण उघडा दिसेल. त्याच्या बाजू मोजा: ९, १२ आणि १५, म्हणजे शाळेतला ३-४-५. मग डावीकडे पाहा. खालची कड आता तिरकी होऊन चौरसाच्या डाव्या कडेला छेदते आणि तिचा कोपरा थोडा बाहेर डोकावतो. त्या छेदापर्यंतचे अंतर वरून मोजा. ते १६ भरेल, खाली उरतील ८. फूटपट्टीशिवाय कडेचे अचूक तीन भाग करण्याची खूण तुमच्या हाती आली. असे का होते, ते पायथागोरस आणि समरूप त्रिकोण यांच्या चार ओळींत सुटते. घरात दहावीचे मूल असेल तर त्याच्यापुढे कागद सरकवा.

पुढच्या आठवड्यात होर्यूजीचा पाच मजली लाकडी पॅगोडा.