भाषेचे पाठ्यपुस्तक आणि पडद्यावरील खेळ

शालेय भाषा-पुस्तकांतून खेळाला मानाचे स्थान मिळत आले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इयत्ता नववीच्या मराठी ‘कुमारभारती’त राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची व्यायामाचे महत्त्व सांगणारी रचना व बाळ ज. पंडित यांचा ऑलिंपिकवरील पाठ समाविष्ट आहे. नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या तालुक्यात हे पाठ शिकणाऱ्या मुलांना कबड्डी व आट्यापाट्या ठाऊक आहेत. परंतु २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर अनेक घरांत अभ्यासासाठी फोन आला आणि त्यासोबत व्हिडिओ गेमही आले.

हा खेळ भाषेच्या तासाला येतो तो बहुधा ‘मोबाइल : शाप की वरदान’ अशा निबंधातून. अपेक्षित उत्तर कोणते, हे विद्यार्थी चटकन ओळखतो. मध्यरात्रीपर्यंत गेम खेळणारा मुलगाही मैदानी खेळांची थोरवी लिहून चांगले गुण मिळवू शकतो. त्याची अडचण मात्र वहीबाहेरच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत गेमच्या व्यसनाची लक्षणे नमूद आहेत : खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारणतः १२ महिने चालू असावे लागते. म्हणजे खेळणारे प्रत्येक मूल रुग्ण नव्हे. मात्र असे काही घडत असल्यास ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे, आणि ते शिकविणे भाषेच्या शिक्षकाच्या आवाक्यातील आहे. एका दिवसाची रोजनिशी किंवा मित्राला पत्र एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो. अशा लेखनाला गुण न देणेच इष्ट. अन्यथा पुन्हा ठरीव निबंधच हाती येईल.

जाहिरातलेखन अभ्यासक्रमात आहेच. त्याला जाहिरात-वाचनाची जोड हवी. ‘विनाशुल्क’ म्हणविणारा गेम आतमध्ये पोशाख व शस्त्रे विकतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०२५ मध्ये संमत झाला असला, तरी अशी खरेदी म्हणजे पैज नव्हे. तेथे शब्दांची पारखच उपयोगी पडते.

मुलांनी मैदानाकडे वळावे, असे पाठ सांगतो. सायंकाळी ते मैदान मोकळे आहे की तेथे गिट्टीचे ढीग पडले आहेत, हे पाहण्याचे काम ग्रामपंचायतीचे आहे.