घारापुरीची सहल : पूर्वतयारी आणि दृष्टी

शहापूर-मुरबाड परिसरातील विहारांतून जेव्हा एक दिवसाच्या सहलीचा विचार होतो, तेव्हा समुद्र, लाँच आणि लेणी या तिहेरी आकर्षणामुळे घारापुरी बेटाचे नाव सहजच पुढे येते. परंतु तेथे जाणारे बहुसंख्य प्रवासी पहिल्या क्रमांकाचे लेणे पाहून परततात. त्याच बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, ही गोष्ट त्यांना ठाऊकही नसते. या सहलीची आखणी कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पालि भाषेत ‘दीप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दिवा आणि दुसरा बेट, म्हणजे संस्कृतातील द्वीप. महापरिनिब्बान सुत्तातील ‘अत्तदीप’ हा शब्द आपण दिव्याच्या अर्थाने घेतो. आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत मात्र महासमुद्रातील बेटाचा अर्थ दिला आहे. चोहोबाजूंनी पाणी असताना पाय रोवता येईल अशी भूमी, म्हणजे स्वतःचाच आधार, असा त्याचा आशय होय. लाँचमधून बेट दिसू लागले की उपासक-उपासिकांना व मुलांना हा अर्थ समजावून सांगणे सोपे जाते.

घारापुरी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. १९८७ साली येथील लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बेटावर दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडील टेकडीवर पाच लेणी असून पहिल्या लेण्यातील सुमारे वीस फूट उंचीचे त्रिमुख शिल्प जगप्रसिद्ध आहे. ही लेणी शैव आहेत. त्यांना ओढूनताणून बौद्ध ठरविण्याचे काही कारण नाही. सत्याला धरून राहणे हाच आपला मार्ग होय. पूर्वेकडील टेकडीवर आणखी दोन लेणी, पाण्याची टाकी व विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. हे अवशेष इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे जात असावेत, असे मानले जाते. तेथे सांचीसारखी तोरणे नाहीत. ढासळलेला उंचवटा तेवढा उरला आहे. ही कल्पना मंडळींना आधीच दिली, तर निराशा होणार नाही.

हा स्तूप आपल्या भूमीपासून दूरचा नाही. सातवाहनकाळी जुन्नरचे व्यापारी तांडे नाणेघाट उतरून मुरबाडच्या बाजूने कल्याण व सोपारा या बंदरांकडे जात. कल्याणच्या उपासकांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकलला. घाटापासून समुद्रापर्यंतच्या या व्यापारी प्रदेशात धम्म रुजला होता, आणि घारापुरीचा स्तूप त्याच प्रदेशातील आहे.

आता प्रत्यक्ष आखणी. सोमवारी लेणी बंद असतात आणि रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉकची शक्यता असते. म्हणून शनिवार किंवा अन्य सुटीचा दिवस निवडावा. पावसाळा टाळावा. शहापूरकरांनी आसनगावहून पहाटेची लोकल धरावी, मुरबाडकरांनी एस. टी.ने कल्याण गाठावे. आसनगाव ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचला सुमारे एक तास लागतो. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरताच विचारून घ्यावी.

१८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या बोटीची धडक बसून घारापुरीकडे निघालेली प्रवासी लाँच बुडाली व अनेकांचे प्राण गेले. म्हणून प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय लाँच सुटू देऊ नये. गर्दीने भरलेली लाँच सोडून पुढची धरण्यात कमीपणा नाही.

बेटावर शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. वृद्धांसाठी विसाव्याची सोय धरूनच वेळ ठरवावा. उन्हे चढण्यापूर्वी, पहिल्या लेण्याच्याही आधी, पूर्वेच्या टेकडीकडे जावे. शेवटी ठेवलेले स्थळ बहुधा राहूनच जाते. तिकडची वाट कमी वहिवाटीची आहे. पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून, त्यांनी परवानगी दिली तेथपर्यंतच जावे. पाणी व न्याहारी सोबत असावी. माकडांपासून ती सांभाळावी.

स्तूपाजवळ अंतर राखून त्रिसरण-पंचशील म्हणावे. मेणबत्त्या, अगरबत्त्या लावू नयेत. विटेचा तुकडाही उचलू नये, कारण दोन हजार वर्षांचा पुरावा अशा तुकड्यांनीच नष्ट होतो.

सहलीचा खर्च गरीब कुटुंबाला एक दिवसाच्या मजुरीसह मोजावा लागतो. त्या मोलाच्या बदल्यात केवळ छायाचित्रे घरी येऊ नयेत. परतल्यावर पुढच्या रविवारी विहारात प्रत्येक मुलाने पाहिलेले चार वाक्यांत सांगावे, अशी आमची सूचना आहे. पाहिलेले सांगता आले, तरच ती सहल धम्मसहल ठरेल.