पर्मनंट नोकरीच्या शोधात

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कुठल्या शिक्षणाने नोकरी लवकर लागेल, पगार बरा मिळेल आणि ती नोकरी टिकेल? या तिन्ही अपेक्षा रास्त आहेत. आवडीचे काम शोधा, पैसा आपोआप येईल, असे भाषणात सांगणे सोपे असते. पण ज्या घरात बापाच्या नावावर पीककर्ज आहे आणि धाकट्या भावंडाचे शिक्षण व्हायचे आहे, तिथे पहिल्या तारखेला खात्यात पडणाऱ्या पगाराची सर दुसऱ्या कशालाच नाही. म्हणून या अपेक्षेला नाव ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. ती आजवर कशामुळे पुरी झाली, कुठे मोडली आणि आज अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींपुढे कोणत्या वाटा आहेत, एवढे मात्र नीट पाहिले पाहिजे.

खात्रीच्या वाटा आणि त्यांचा शेवट

कोकणातून, घाटावरून मुंबईत आलेल्या माणसासाठी कापड गिरणी ही खात्रीची नोकरी होती. बदली कामगार म्हणून लागायचे, काही वर्षांनी कायम व्हायचे आणि पुढे मुलालाही आत घ्यायचे, असा पिढ्यांचा रिवाज होता. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही आणि अनेकांना त्यांचे काम परत मिळाले नाही. गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागाशी स्पर्धा होती, जमिनीला सोन्याचा भाव येऊ लागला होता. ही कारणे कामगाराच्या हातात नव्हती आणि त्याला कुणी सांगितलीही नव्हती.

मध्यमवर्गाने दुसरी वाट धरली. 1956 मध्ये आयुर्विमा महामंडळ आले, 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा तालुक्यांपर्यंत गेल्या. बँकेतला जावई म्हणजे घराण्याची शान ठरली. पुढे संगणक आले, कारकुनी भरती आटली आणि 2000-01 मध्ये सार्वजनिक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. आधी लागलेल्यांना काही कमी पडले नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्यांसाठी मात्र खिडकी बंद झाली.

1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि तोवर मोजक्या संस्थांपुरते असलेले हे शिक्षण शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या मुलांपर्यंत आले. त्याच पिढीने पुढे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या इमारती भरल्या. तसेच डी.एड.चे झाले. 2000 नंतरच्या दशकात मुलींसाठी यापेक्षा पक्की वाट नाही असे मानले जाई. तालुक्यातालुक्यांत डी.एड. विद्यालये निघाली. 2012 पासून शिक्षकभरती थांबली आणि हातात पदविका असलेल्या हजारो मुली घरी बसल्या. पुढे शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आले, पण तोवर अनेकींची उमेद आणि वय निघून गेले होते.

या चारही गोष्टींत एक साखळी आहे. एखाद्या नोकरीत पहिल्यांदा गेलेल्यांचे भले होते. ते पाहून बातमी गावात पोचते, मग महाविद्यालये निघतात, क्लास निघतात, जागा वाढतात. गावातला मुलगा प्रवेश घेतो तेव्हा गर्दी झालेली असते आणि तो बाहेर पडतो तेव्हा मागणी ओसरलेली असते. आईवडील सल्ला देतात तो त्यांनी पाहिलेल्या काळाचा. मुलाला जगायचे असते पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत. चूक कुणाची नसते, पण किंमत मुलालाच मोजावी लागते.

पोस्ट निघण्याची वाट

आज सर्वाधिक गर्दी सरकारी नोकरीच्या दारात आहे. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. 2024 च्या पोलीस भरतीत सुमारे 17 हजार जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज होते आणि त्यांत अभियंते, पदव्युत्तर मुलेही होती. हे का घडते, ते पगाराकडे पाहिले की समजते. सातव्या वेतन आयोगात पोलीस शिपायाचे मूळ वेतन 21,700, तलाठ्याचे 25,500 आणि उपजिल्हाधिकाऱ्याचे 56,100 रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, रजा मिळते आणि कामावरून काढले जाण्याची भीती नसते. तालुक्याच्या गावात याच्या जवळपास जाणारी खासगी नोकरी सहसा नसते.

लग्नाचा धागाही याला जोडलेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. शेती करणाऱ्या किंवा कंत्राटी कामावर असलेल्या मुलाला स्थळ येत नाही, हे गावोगावचे दुखणे त्या दिवशी रस्त्यावर आले.

या गर्दीचे रूप पाहायचे तर पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या भागात सकाळी सात वाजता जावे. अभ्यासिकेत लाकडी फळ्यांनी पाडलेले दोन-अडीच फुटांचे कप्पे. प्रत्येक कप्प्यात दिवा, चार्जिंगचा पॉइंट, समोर चिकटवलेला अभ्यासक्रम आणि उरलेल्या दिवसांचा आकडा. लक्ष्मीकांत यांचे राज्यघटनेचे पुस्तक, पिवळ्या मार्करने इतके रंगवलेले की न रंगवलेली ओळ शोधावी लागते. बाहेर चहाच्या टपरीवर बोलणे चालते ते कट-ऑफचे, मागच्या वेळी दोन गुणांनी गेलेल्या मेन्सचे, जाहिरात कधी येणार याचे. राहणे कॉट बेसिसवर, जेवण मेसचे. बुद्धी, शिस्त, सहनशक्ती यांत ही मुले कुठेच कमी नाहीत.

त्यांचे नुकसान होते ते अनिश्चिततेमुळे. मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलल्यावर मुले रस्त्यावर उतरली. 2023 च्या सुरुवातीला नव्या वर्णनात्मक पद्धतीवरून पुन्हा आंदोलन झाले आणि ती पद्धत 2025 पासून लागू करायचे ठरले. खुल्या प्रवर्गाला वयाच्या 38 पर्यंत आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत अर्ज करता येतो. ही सवलत चांगल्या हेतूने दिली आहे, पण थांबायचे कधी हे ती सांगत नाही. ते मुलालाच ठरवावे लागते आणि 'अजून एक अटेम्प्ट' म्हणता म्हणता तिशी येते.

हिशेब मांडून पाहू. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास धरून महिन्याला दहा हजार खर्च आला, तर पाच वर्षांत सहा लाख होतात. त्या काळात पंधरा हजारांची नोकरी केली असती तर नऊ लाख मिळाले असते. म्हणजे पाच वर्षांच्या तयारीची खरी किंमत पंधरा लाख. निवड झाली तर ती वसूल होते. दोनशेतल्या एकाची होते, बाकीच्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. स्पर्धा परीक्षा जरूर द्यावी, पण पदवीनंतर दोन किंवा तीन वर्षे अशी मुदत आधीच ठरवून आणि शक्य असेल तर हातात काही काम ठेवून. प्लॅन बी पहिल्या दिवशीच तयार हवा. तिसऱ्या अपयशानंतर तो शोधायला माणसात बळ उरत नाही.

पॅकेजचे जग

दुसरी मोठी रांग आयटीची. मोठ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या अभियंत्याला वर्षाला साधारण साडेतीन लाखांचे पॅकेज मिळते आणि दहा-बारा वर्षांत हा आकडा फारसा हललेला नाही. खोलीचे भाडे, बसचा पास, दुधाचा भाव मात्र कितीतरी पुढे गेला. जुलै 2025 मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे 12 हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आयटीतली नोकरी म्हणजे कायमची हा समज उरला नाही. कोड तपासणे, साधे प्रोग्रॅम लिहिणे, अहवाल बनवणे ही कामे नव्या मुलांना शिकण्यासाठी मिळत. तीच आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडे जाऊ लागली आहेत.

तरीही ही वाट वाईट नाही. ज्याचे गणित आणि तर्क पक्के आहेत, जो एका क्षेत्रात खोल उतरतो, त्याचा पगार पाच-सहा वर्षांत इतर बहुतेक नोकऱ्यांपेक्षा वेगाने वाढतो. अडचण आहे ती केवळ कॉम्प्युटर शाखेच्या नावावर प्रवेश घेणाऱ्यांची. सगळे एकाच शाखेकडे धावत असताना कारखाने, रस्ते, वीजवितरण यांना चांगले मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल अभियंते लागतातच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी हा मार्ग कमी खर्चाचा आहे आणि मध्येच थांबावे लागले तरी हातात पदविका राहते. मुलींसाठी आणखी एक मोठी सोय झाली आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. ही माहिती गावातल्या प्रत्येक घरी पोचली पाहिजे.

हातात कसब असलेल्यांचे काय?

राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. मार्क कमी पडलेल्यांची जागा म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो, हा अन्याय आहे. फिटरच्या वर्गात पहिले काही आठवडे मुलाच्या हातात फक्त कानस असते. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, तो घासून सपाट करायचा, मग गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. खांदे भरून येतात, तळहाताला फोड येतात. पण काही महिन्यांत व्हर्निअरवर मिलिमीटरचा दहावा भागही त्या हाताला कळू लागतो. ही समज यंत्र बदलले तरी जात नाही. पुढे तोच मुलगा सीएनसी यंत्राचा सेटर होतो, प्रोग्रॅमिंग शिकतो, टूलरूममध्ये जातो. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, म्हणजे शिक्षणाचे दारही बंद होत नाही.

खरे दुखणे पुढे आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात शिकायची सोय केली, पण अनेक ठिकाणी वर्षभर अप्रेंटिस, मग ठेकेदाराकडे काही महिने, मग ब्रेक आणि पुन्हा नवी तुकडी असे चक्र चालते. चाकण, रांजणगाव, वाळूज इथल्या गेटवर सकाळी पाळीला येणाऱ्या गर्दीतले किती जण पर्मनंट आहेत, हे तिथल्या कुणालाही विचारावे. म्हणून या वाटेवर सल्ला एवढाच. असा ट्रेड घ्यावा ज्याचे काम कारखान्याबाहेरही चालते. इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी-रेफ्रिजरेशन, लिफ्टची देखभाल, सौर पॅनेल. ठेकेदाराने ब्रेक दिला तरी असा माणूस गावात, शहरात, आखातात कुठेही उभा राहतो.

कमी बोलल्या जाणाऱ्या दोन वाटा

सीए होण्याचा खर्च अभियांत्रिकीच्या तुलनेत फार कमी आहे, परीक्षा मात्र खडतर आहे. नव्या अभ्यासक्रमात आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झाली. छोट्या गावातल्या वाणिज्य शाखेच्या हुशार मुलाने ही वाट जरूर तपासावी.

नर्सिंगचे तसेच आहे. तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि पाळ्या अंग मोडतात, हे आधी माहीत असावे. पण या कामाला जगभर मागणी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथे जायचे तर जर्मन भाषा चांगली यावी लागते आणि ती शिकण्यात बराच काळ जातो. परदेशाच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या कुणाच्याही हाती कागद देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाकडे त्याची नोंदणी आहे का, हे पाहिलेच पाहिजे.

निवडताना विचारायचे तीन प्रश्न

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालात एक आकडा आहे. देशात 25 वर्षांखालील पदवीधरांत 42 टक्क्यांहून अधिक बेरोजगार होते, तर 35 वर्षांवरील पदवीधरांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत होते. म्हणजे पुढेमागे काम बहुतेकांना मिळते. पण मधली दहा वर्षे काय शिकण्यात गेली, यावर ते काम कोणत्या पगाराचे असेल हे ठरते. ती दहा वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून कोणतीही वाट धरण्यापूर्वी तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे काढावीत. यात किती वर्षे जातील? फी, राहणे आणि बुडणारी कमाई धरून किती पैसे लागतील आणि पहिल्या पाच वर्षांच्या पगारातून ते फिटतील का? आणि मधेच थांबावे लागले तर हातात काय उरेल? ज्या वाटेवर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असे येते, तिथे पाऊल टाकण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, मग ती वाट कितीही मानाची असो.

सगळा भार तरुणांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. भरतीचे वेळापत्रक जाहीर करून ते पाळणे आणि रिक्त पदे वेळेवर भरणे ही सरकारची जबाबदारी आहे. शिकाऊ उमेदवाराला काम शिकवून त्यातल्या काहींना तरी कायम करणे ही उद्योगांची आहे. आणि मुलीचे स्थळ पाहताना कागदावरच्या 'पर्मनंट' या शिक्क्यापेक्षा मुलाच्या हातातले काम पाहणे ही आपली, समाजाची आहे.

दिवाळीला मुले पुण्यामुंबईहून, चाकणहून, नवी पेठेतून घरी येतात. फराळाच्या ताटावर त्यांना 'लागला का कुठे?' असे विचारू नका. एका दुपारी शांतपणे शेजारी बसा, हे तीन प्रश्न एकत्र सोडवा आणि एक मुदत ठरवा. मुदत संपली आणि मुलाला किंवा मुलीला दुसऱ्या वाटेने जावेसे वाटले, तर ती हार मानू नका आणि कुणाला तसे म्हणूही देऊ नका.