ससाणा यंत्राचा, रानहंस खरे

ॲम्स्टरडॅम : शिफोल विमानतळावर उतरणारं विमान खरं तर एका सरोवराच्या तळाशी उतरतं. वाफेच्या पंपांनी उपसून हे सरोवर 1852 मध्ये कोरडं केलं गेलं. त्यावर शेती आली आणि 1916 मध्ये त्याच शेतांत लष्करी विमानतळ उभा राहिला. धावपट्ट्या आजही समुद्रसपाटीच्या खाली आहेत आणि त्यांना खेटून गहू आणि साखरबीट पिकतं. अशा कमावलेल्या जमिनीला इथं पोल्डर म्हणतात. डच माणसाला तिचा फार अभिमान, आणि तो रास्तच आहे. पण जागोजागी पाणी, लुसलुशीत गवत आणि कापणीनंतर सांडलेले दाणे असल्यावर रानहंसांना आणखी काय हवं?

6 जून 2010 रोजी रॉयल एअर मारोकचं बोइंग 737 इथून उडालं आणि लगेच रानहंसांच्या थव्यात शिरलं. डावं इंजिन गेलं. विमान घरांवरून धडकी भरावी इतक्या खालून वळसा घेऊन परतलं, माणसं वाचली. कुठलाही प्रश्न आला की सगळ्या बाजूंनी एका टेबलाशी बसायचं आणि कॉफीवर कॉफी रिचवत तो सोडवायचा, ही या देशाची रीत. इथंही विमान कंपन्या, शेतकरी आणि पक्षीप्रेमी तसेच बसले. कापणी झाली की शेतकऱ्यानं खुंट लगेच नांगरून टाकायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा, असं ठरलं. 2021 मध्ये तर दोन धावपट्ट्यांमधल्या दोन हेक्टर बीटच्या रानात वीस डुकरं सोडली. उरलंसुरलं बीट त्यांनी फस्त केलं की पक्ष्यांना तिथं फिरकायचं कारणच उरत नाही! दुसरा उपाय मात्र कोणी हसत सांगत नाही. पिसं गळून उडता येत नसण्याच्या दिवसांत रानहंस घेरायचे आणि वायूनं मारायचे. त्यावरून प्राणिप्रेमी अजून संतापतात, आणि मलाही त्यांचं म्हणणं पटतं.

मग पक्षी हुसकवायला ड्रोन का नको? एक अडचण उघड आहे : विमानतळाजवळ ड्रोन हाच धोका. 2018 च्या डिसेंबरात नुसती ड्रोन दिसल्याची वार्ता आली, तर लंडनचं गॅटविक बंद पडलं. त्यामुळे इथं वैमानिक, नियंत्रण मनोरा आणि ड्रोनवाला यांचं गणित आधी जुळावं लागतं. तरी डच ट्वेंटे विद्यापीठातून निघालेल्या कंपनीचा पंख फडफडवणारा यंत्रपक्षी ‘रोबर्ड’ 2017 मध्ये कॅनडातल्या एडमंटन विमानतळावर कामाला लागला.

ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. फ्रीसलंड प्रांतातल्या वर्कम गावाजवळच्या शेतांवर त्यांनी बहिरी ससाण्यासारखा दिसणारा यंत्रपक्षी उडवला. वजन पाव किलोच्या आत, पंखांचा पसारा 70 सेंटिमीटर आणि डोक्यावर कॅमेरा. जमिनीवरचा चालक त्या कॅमेऱ्यातून पाहत थव्यावर झडप घालायचा. कावळे, कुरव, टिटव्या, स्टार्लिंग अशा पाखरांचं रान पाच मिनिटांत मोकळं व्हायचं. निम्मी रानं तर 70 सेकंदांतच. साध्या ड्रोनला पाच मिनिटांत पाचातली चारच रानं साधली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन महिन्यांत पाखरं या ससाण्याला सरावली नाहीत. शिकाऱ्याचे हुबेहूब आवाज, फटाके, बुजगावणी यांना ती लवकर ओळखून बसतात. शिकाऱ्याची आकृती आणि त्याची चाल यांची भीती जन्मजात असावी.

पण बॅटरी पंधरा मिनिटं चालते, चालक कसलेला लागतो, आणि रानहंस, बगळ्यांसारख्या थोराड पक्ष्यांना हा ससाणा हुसकावू शकत नाही, हे संशोधकांनीच मोकळेपणानं सांगितलं आहे. बहिरी ससाणा रानहंसाची शिकार सहसा करत नाही, मग त्यानं का घाबरावं? शिफोलची मुख्य डोकेदुखी तर हीच जात आहे. म्हणून पक्षी-पथकाच्या गाड्या दिवसरात्र धावपट्टीकडेला फिरत असतात आणि कापणी झाली की शेतकऱ्याचा नांगर वेळेवर चालावा लागतो.