विश्लेषण : चर्चचा पहारा असलेल्या मिझोराममध्ये दारूबंदी का टिकत नाही?

२०११च्या जनगणनेनुसार मिझोरामची सुमारे ८७ टक्के लोकसंख्या ख्रिस्ती आहे. तिथे दारूबंदी आली, उठली, पुन्हा आली आणि मार्च २०२५मध्ये पुन्हा सैल झाली. असं का होतं?

चर्चचा दारूला एवढा विरोध का?

मिझो समाजात पूर्वी तांदळापासून घरोघरी ‘झू’ नावाची दारू बनायची. सण असो वा पाहुणचार, झू हवीच. १८९४मध्ये मिशनरी आले आणि चित्र बदललं. झू सोडणं ही ख्रिस्ती झाल्याची खूण ठरली. म्हणूनच प्रेस्बिटेरियन चर्चसाठी दारूबंदी हा नुसता महसुलाचा किंवा आरोग्याचा मुद्दा नाही, तो ओळखीचा प्रश्न आहे. आपल्याकडे गडचिरोलीत बंदी जनआंदोलनातून आली. मिझोराममध्ये तिचं बळ रविवारच्या प्रार्थनेतून येतं.

मग कायदा सारखा का बदलतो?

१९९५चा बंदी कायदा १९९७मध्ये लागू झाला. २०१५मध्ये दुकानं उघडली. गंमत म्हणजे बंदीचा कायदा आणि ती उठवणारा कायदा, दोन्ही लाल थनहवला मुख्यमंत्री असतानाच झाले. २०१८च्या निवडणुकीत मिझो नॅशनल फ्रंटने बंदीचं आश्वासन दिलं, सत्ता मिळवली आणि २०१९मध्ये ती परत आणली.

२०२५च्या दुरुस्तीने स्थानिक फळं, शेतमालापासून बनवलेल्या वाइन आणि बिअरला वाट दिली. चर्चनेत्यांनी विरोध केला. पण चंफाई जिल्ह्यात द्राक्षं पिकवणारे शेतकरीही त्याच चर्चचे सभासद आहेत. रविवारी एकाच बाकावर बसणाऱ्यांचं हितच वेगवेगळं आहे.

ड्रग्जचं काय?

खरी काळजी इथे आहे. म्यानमारशी सुमारे ५१० किलोमीटरची सीमा, त्यातून येणारं हेरॉइन आणि मेथच्या गोळ्या. नव्वदच्या दशकात तर वेदनाशामक कॅप्सूलमधली पूड विरघळवून टोचून घेतली जायची. सुई एकमेकांत फिरते आणि एचआयव्ही पसरतो. प्रौढांमधील एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वाधिक मिझोराममध्येच आहे. लैंगिक संबंध हेही त्याचं मोठं कारण आहे.

या बाबतीत चर्चची भूमिका दुहेरी दिसते. व्यसनमुक्ती केंद्रं चालवण्यात ख्रिस्ती संस्थाच पुढे आहेत. पण व्यसन हे पाप मानलं, की पोरगा नशा करतो हे आईबाप शेजाऱ्यांपासूनच नव्हे, पाद्र्यांपासूनही लपवतात. तो केंद्रात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. दुकान बंद करायला विधानसभेचं एक मतदान पुरतं, या लपवाछपवीवर मात्र कुठलाच कायदा चालत नाही.